खनिजाचा पैसा आहे, गावाचा आराखडा कुठाय?

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा, कोरपना या भागात आणि नदीपलीकडे वणीकडे जमिनीखाली चुनखडक आहे. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा इथले सिमेंट कारखाने याच दगडावर उभे राहिले. सिमेंटचा विषय निघाला की गावात दोन तट पडतात. एक म्हणतो रोजगार आला, दुसरा म्हणतो धूळ आली. दोघांचंही म्हणणं खरं आहे. पण दगड निघून गेल्यावर उरलेल्या शिवाराचं काय करायचं, याचा कागद गावात कोणाजवळ आहे? ग्रामपंचायतीचं कपाट उघडून पाहा. बहुतेक ठिकाणी तो सापडणार नाही.

आधी ही जमीन समजून घेऊ. चुनखडकाला भेगा असतात. पावसाचं पाणी हवेतला व मातीतला कार्बन वायू घेऊन किंचित आंबट होतं आणि हळूहळू त्या भेगा रुंद करत जातं. त्यामुळं भेगाळ जागी पाणी भराभर खाली जातं. प्लास्टिकचं अस्तर न घालता खोदलेलं शेततळं अशा जागी पोळ्यापर्यंतही टिकत नाही. आणि पाण्याबरोबर घाणही त्याच वाटेनं, मातीतून न गाळता, विहिरीत उतरते. खाण पाण्याच्या पातळीखाली गेली आणि पंप सुरू झाले, की भोवतालचं पाणी खड्ड्याकडं ओढलं जाऊ शकतं. वरची माती चुनखडीची असेल तर तिची तऱ्हा वेगळी. सामू आठच्या वर, स्फुरद अडकून बसतं, लोह आणि जस्त पिकाला मिळत नाही. सोयाबीन पिवळं पडतं तेव्हा आपण युरिया टाकतो, पण दुखणं बहुधा लोहाचं असतं.

म्हणून अशा शिवाराचं जतन म्हणजे रस्त्याच्या कडेला चार झाडं लावून फोटो काढणं नव्हे. पाणी, माती आणि चराई या तिन्हींचा एकत्र विचार त्यात यायला पाहिजे.

आता पैशाकडं येऊ. २०१५ साली खाण कायद्यात दुरुस्ती झाली आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या खाणपट्ट्यांनी स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि त्यानंतर लिलावानं दिलेल्या पट्ट्यांनी १० टक्के रक्कम या प्रतिष्ठानात भरायची असते. २०१४ च्या दरानं सिमेंटच्या चुनखडीला टनामागं ८० रुपये स्वामित्वधन धरा. म्हणजे जुन्या खाणीतून एक लाख टन दगड निघाला, तर २४ लाख रुपये खाणबाधित भागासाठी जमा होतात. ही काही कोणाची मेहेरबानी नाही. बाधित गावांसाठी कायद्यानं बाजूला काढलेला हा पैसा आहे. पिण्याचं पाणी आणि पर्यावरण संवर्धन ही कामं केंद्राच्या सूचनांत उच्च प्राधान्याची आहेत. अशा कामांवर आधी किमान ६० टक्के खर्च करायचा होता, २०२४ च्या सुधारित सूचनांनी तो ७० टक्के केला. सिंचन व पाणलोटाची कामंही यात बसतात. अनुसूचित क्षेत्रातल्या गावात तर ग्रामसभेच्या मंजुरीशिवाय आराखडा पुढं जाऊ नये, असं त्यात लिहिलेलं आहे.

मग अडतं कुठं? मी विस्ताराच्या कामानं गावोगाव फिरतो. निधी आल्याची कुणकुण लागली की विचारणा होते, "साहेब, काम कोणतं ते सांगा, ठराव तयार आहे." ठराव आधी आणि काम नंतर! मग सोपं तेच निवडलं जातं. सिमेंट रस्ता, सभामंडप, प्रवेशद्वार. ही कामं वाईट नाहीत, पण त्यांनी विहिरीचं पाणी एक वीतही वर येत नाही. दोष एकट्या सरपंचाचा नाही. आम्ही खात्यातली माणसंही मार्चअखेर डोळ्यांपुढं ठेवून अंदाजपत्रकं मागतो.

पैसा कसा लावावा याचं एक चांगलं उदाहरण दूर आयर्लंडमध्ये आहे, तेही चुनखडकाच्याच मुलखातलं. तिथल्या पश्चिम किनाऱ्यावर बरेन नावाचा उघड्या चुनखडकाचा डोंगराळ भाग आहे. रानफुलांसाठी तो प्रसिद्ध. तिथले शेतकरी हिवाळ्यात ढोरं डोंगरावर चारतात आणि उन्हाळ्यात खाली आणतात. ही चराई कमी झाली तसं झुडूप माजलं, फुलं दबली. सरकारनं कुंपण घालून ढोरं बंद केली नाहीत. २००५ पासून वीस शेतांवर आधी प्रयोग करून पाहिला, मग २०१० पासून मोठी योजना केली. प्रत्येक वावराला दहापैकी गुण द्यायचे आणि गुणांप्रमाणं शेतकऱ्याला पैसे. झुडूप तोडणं, दगडी बांध दुरुस्त करणं, पाण्याची टाकी बसवणं यातलं कोणतं काम करायचं ते शेतकरीच सुचवी आणि खर्चाचा काही वाटा स्वतः उचली. २०१६ ते २०२२ हीच पद्धत पुढं चालली.

आपलं हवामान वेगळं, धारण लहान, पाऊस चार महिन्यांचा. त्यांची योजना उचलून इथं ठेवता येणार नाही. पण त्यातल्या दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. आधी थोड्या जागेवर करून पाहायचं, आणि पैसा झालेल्या कामाबरोबरच दिसलेल्या फरकावर द्यायचा.

माझ्या मते गावाच्या आराखड्यात निदान पाच गोष्टी असाव्यात.

एक, गावातल्या दहा-बारा विहिरींची पातळी पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीनंतर मोजून वहीत लिहावी, पाणी तपासून घ्यावं. हिवरे बाजारनं पाण्याचा ताळेबंद मांडूनच पिकं ठरवली, हे आपण सगळे सांगतो. मग मोजायला टेप आणि दोरी लागते, एवढंच.

दोन, नकाशावर भेगाळ जागा, नाले आणि माती खोल असलेल्या जागा दाखवाव्यात. पाणी साठवायचं ते माती असलेल्या जागी, आणि भेगांच्या तोंडाशी उकिरडा किंवा कचरा मुळीच टाकू नये.

तीन, ई-क्लास जमिनीचे तुकडे पाडून आळीपाळीनं चराई ठेवावी. गुराख्याला मानधन या निधीतून मागावं. गवत राहिलं तर माती राहते.

चार, खाणीचा टप्प्याटप्प्यानं बंद करण्याचा आराखडा मागून घ्यावा. २०१७ च्या नियमांप्रमाणं खाणमालकाला तो करावा लागतो आणि भारतीय खाण ब्यूरोकडून मंजूर करून घ्यावा लागतो. वरची माती वेगळी काढून ठेवणंही त्याच नियमात आहे. ती माती कुठं आहे, खड्ड्याचं पाणी कोणाला मिळणार, ढोरांसाठी कठडा आणि उतार होणार का, हे खाण चालू असतानाच विचारायचं. ती बंद पडल्यावर विचारायला कोणी भेटत नाही.

पाच, देखभालीचा पैसा पहिल्याच वर्षी बाजूला काढावा. बंधारा बांधायला निधी मिळतो, गाळ काढायला मिळत नाही, हा आपला जुना अनुभव आहे.

कोणी म्हणेल, शेतकऱ्याला कापसाच्या भावातून डोकं वर काढायला फुरसत नाही, तो मोजमाप कधी करणार? खरं आहे. म्हणूनच मोजणाऱ्या पोरापोरींना या निधीतून मेहनताना द्यावा, अशी मागणी आराखड्यात असू द्या. आणि आम्ही खात्याचे लोक बदलून जातो. वही गावाचीच असेल तर पुढच्या माणसाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

सरपंच, ग्रामसेवक आणि शेतकरी बंधूंना एकच विनंती. येत्या ग्रामसभेत कामांची यादी वाचण्याआधी विहिरींची यादी वाचा. मग ठराव करा. दगड एकदाच निघतो आणि त्याचा पैसाही एकदाच येतो.