दोन हजारांचा डबा

सध्या आमच्या ग्रुपची इन्व्हेस्टमेंट तीनच गोष्टींत चालू आहे. सोनं, एसआयपी आणि कोलॅजेन. पहिल्या दोन निदान कधी ना कधी वाढतात. तिसरीचा दोन हजारांचा डबा महिन्याभरात तळाला जातो.

एका मैत्रिणीचं लग्न ठरलंय. त्यामुळे रात्रीचं जेवण बंद आणि त्याऐवजी पाण्यात दोन चमचे कोलॅजेन पेप्टाइड. ‘‘अगं, प्रोटीनच आहे ते. आणि थेट चेहऱ्याला जातं!’’ थेट? कुठल्या रस्त्यानं, यार?

फंडा असा आहे. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक रेल्वेगाडी. डबे मोजून वीस प्रकारचे. प्रत्येकाची दोन टोकं वेगळी. एकाचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडाला जोडलं की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि पक्का सांधा बसतो. हा पेप्टाइड बंध. गाडी छोटी असेल तर पेप्टाइड, मोठी असेल तर प्रोटीन. कुठला डबा कुठल्यानंतर, यावरच ती गाडी पुढे केस होणार की हिमोग्लोबिन, हे ठरतं.

कोलॅजेनची तर चक्क तीनपेडी वेणी असते. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ साली ही रचना मांडली. एकेका पेडात हजारेक अमिनो आम्लं आणि दर तिसरं ग्लायसिन. ते सगळ्यांत छोटं, आणि वेणीच्या आतल्या बाजूला जागाच तेवढी!

आता तो डबा फिरवून बारीक अक्षरं वाचा. ‘हायड्रोलाइज्ड’ असं लिहिलेलं दिसेल. म्हणजे जोडताना जे पाणी बाहेर पडलं होतं, तेच परत घालून सांधे तोडलेले. वेणी फॅक्टरीतच सुटली. उरलेली तोडफोड पोट आणि आतडी करतात. रक्तात पोचतात ते सुटे डबे आणि काही दोन-तीन जोडलेले तुकडे. त्यांच्यावर ‘उजवा गाल, पहिला मजला’ असा पत्ता नसतो. कुठल्या पेशीत कुठली गाडी जोडायची, ते तिथल्या जनुकांच्या टाइमटेबलनुसार ठरतं. इन्शुलिन नुसतं गिळून का चालत नाही, तर याचमुळे. त्याची ५१ अमिनो आम्लांची छोटीशी गाडी रक्तात जाण्याआधीच पोटात कापली जाते.

काही अभ्यासांत त्वचेचा ओलावा थोडा वाढलेला दिसलाय, हे खरं. पण त्यातल्या बऱ्याच अभ्यासांचा खर्च याच धंद्यातल्या कंपन्यांनी केलेला आहे.

मला खरी काळजी वाटते ती त्या बंद केलेल्या जेवणाची. नऊ अमिनो आम्लं आपलं शरीर बनवूच शकत नाही, ती खाण्यातूनच यावी लागतात. कोलॅजेनमध्ये त्यातलं ट्रिप्टोफॅन अजिबात नाही. म्हणजे प्रोटीन म्हणून हा डबा अर्धवटच. उलट आपला साधा वरण-भात बघा. भातात लायसिन कमी, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते भात भरून काढतो. आईनं बायोकेमिस्ट्री न शिकता जमवलेली जोडी! आणि वेणी घट्ट बसायला लागतं क जीवनसत्त्व. ते पेरूत आहे, आवळ्यात आहे. शरीराला ते मिळालंच नाही तर हिरड्यांतून रक्त यायला लागतं. त्याचंच नाव स्कर्व्ही.

तेव्हा बॉस, घ्यायचंच असेल तर घ्या, पैसे तुमचे. फक्त त्याला जेवण समजू नका. आणि हो, श्रावण पाळत असाल तर एक गोष्ट लक्षात असू द्या. ही पावडर बनते जनावरांच्या कातडी-हाडांपासून, नाहीतर माशांच्या खवल्यांपासून!