उडता पैसा आणि त्याचा दोर

नवव्या शतकात, तांग घराण्याच्या अमदानीत, चीनमधल्या चहाच्या व्यापाऱ्यांपुढे एक अडचण होती. माल राजधानीत विकला की हाती यायची ती तांब्याच्या नाण्यांची ओझी. ती घेऊन शेकडो मैलांवरच्या आपल्या प्रांतात परतायचे, म्हणजे वाहतुकीचा खर्च आणि वाटमारीची धास्ती. त्यावर तोड निघाली ती अशी, की व्यापाऱ्याने पैसे राजधानीतच भरावेत, बदल्यात एक कागद घ्यावा आणि तो प्रांतात दाखवून तेवढी रक्कम उचलावी. या कागदाला नाव पडले ‘उडता पैसा’. आपल्याकडच्या हुंडीचाच हा भाऊ! पैसा जागचा हलत नाही. हलतो तो फक्त त्याच्यावरचा हक्क.

आज बँकॉकच्या बाजारात एखादा चिनी पर्यटक दुकानातल्या क्यूआर कोडसमोर मोबाइल धरतो, तेव्हा तो हेच करीत असतो. त्याच्या चीनमधल्या खात्यातून युआन वजा होतात आणि थाई दुकानदाराच्या खात्यात बाट जमा होतात. ना नोटा, ना सराफाची पेढी. पाहणाऱ्याला वाटावे, चलनांच्या भिंती पडल्या! पण या उडत्या पैशाला दोर आहे आणि त्याची फिरकी बीजिंगच्या हातात आहे. तो दोर समजून घेणे आपल्याही हिताचे आहे, कारण उद्या त्याच वाटेने आपला रुपयाही उडणार आहे.

आकड्यांकडे पाहिल्यावर विषयाचे वजन कळते. 2019 साली चीनच्या नागरिकांनी हाँगकाँग आणि मकाव धरून देशाबाहेर सुमारे साडेपंधरा कोटी फेऱ्या केल्या. त्याआधीच्या वर्षी परदेशात त्यांनी खर्च केले सुमारे 27,700 कोटी डॉलर. त्या वर्षी जगातल्या दुसऱ्या कोणत्याही देशाच्या पर्यटकांनी एवढा खर्च केला नव्हता. आणि हे कोणत्या देशातले लोक? ज्या देशात 1980 ते 1994 या काळात परकीय पाहुण्यांसाठी वेगळ्या नोटाच छापल्या जात, म्हणजे त्यांच्याकडचे डॉलर थेट सरकारी तिजोरीत यावेत. 1994 च्या 1 जानेवारीला तिथे दुहेरी विनिमय दर मोडीत निघाला आणि डॉलरचा अधिकृत भाव 5.8 युआनवरून एकदम 8.7 वर गेला. पुढे 1996 च्या डिसेंबरात चालू खात्यावरचे व्यवहार मोकळे झाले. आपण हीच पायरी 1994 च्या ऑगस्टमध्ये चढलो होतो. जेमतेम आठ डॉलर खिशात घालून परदेशी गेलेल्या काका-मामांच्या गोष्टी ज्या घरांत अजून सांगितल्या जातात, त्या घरांना चीनचा हा प्रवास परका वाटू नये.

चालू खाते मोकळे झाले, पण भांडवली खात्याचे दार किलकिलेच राहिले. चिनी नागरिकाला वर्षाला 50,000 डॉलरपर्यंतचे परकीय चलन विकत घेता येते; ही मर्यादा 2007 पासूनची आहे. देशाबाहेर जाताना 20,000 युआनपेक्षा जास्त स्वदेशी रोकड नेता येत नाही. परवान्याशिवाय न्यायच्या परकीय नोटांची मर्यादा 5,000 डॉलर. परदेशातल्या एटीएममधून 2018 पासून माणशी वर्षाला एक लाख युआनच काढता येतात, मग खिशात दहा बँकांची कार्डे का असेनात! मर्यादा ओलांडली, तर ते वर्ष आणि पुढचे वर्ष परदेशात रोकड काढणे बंद.

मात्र कार्डाने केलेली खरेदी 50,000 डॉलरच्या मर्यादेत धरली जात नाही. हॉटेल, जेवण, कपडेलत्ते यांवर हवा तेवढा खर्च करा, सरकारची हरकत नाही. हरकत आहे ती पैसा बाहेर जाऊन तिथेच मुक्काम ठोकण्याला. म्हणून 2017 पासून परकीय चलन घेताना, या पैशाने परदेशात घर, रोखे किंवा आयुर्विमा घेणार नाही असे लिहून द्यावे लागते. 2002 साली शांघायमध्ये स्थापन झालेल्या युनियनपे या कार्डसंस्थेने दुकानांचे वर्गच पाडले आहेत: काही वर्गांत कार्ड चालतच नाही, काहींत एका वेळी 5,000 डॉलरपर्यंतच चालते. शिवाय 2017 च्या सप्टेंबरपासून परदेशातली प्रत्येक रोकड उचल आणि 1,000 युआनवरची प्रत्येक कार्डखरेदी बँकेने परकीय चलन प्रशासनाला कळवायची असते.

ही धास्ती निष्कारण नव्हती. 2014 च्या जूनमध्ये चीनची परकीय चलनाची गंगाजळी चार लाख कोटी डॉलरच्या जवळ होती. 2015 च्या ऑगस्टमध्ये युआनचे मूल्य उतरवले गेले, लोकांचा धीर सुटला आणि 2017 च्या जानेवारीत गंगाजळी तीन लाख कोटींच्या खाली आली. पैसा बाहेर नेण्याच्या युक्त्याही नामी होत्या. मकावच्या पेढीत कार्ड लावून महागडे घड्याळ घ्यायचे, लगेच तिथेच परत विकायचे आणि रोकड घेऊन जुगारघर गाठायचे. किंवा नातेवाईक, शेजारी, नोकरचाकर अशा पन्नास जणांच्या नावे पन्नास वेळा डॉलर पाठवायचे. या दुसऱ्या प्रकाराला चिनी भाषेत ‘मुंग्यांचे घर हलवणे’ म्हणतात. दाणा दाणा करून सगळे वारूळ परदेशी!

या मुंग्या अडवण्यासाठी लावलेल्या जाळ्यात सापडतो तो मात्र साधा प्रवासी. पैसा असलेल्याला वाटा माहीत असतात. मुलीला परदेशी शिकवणाऱ्या शिक्षकाला किंवा आईवडिलांना पहिल्यांदा जग दाखवणाऱ्या कारकुनाला माहीत असतो तो फक्त नियम. शिवाय हुंडणावळीचा भुर्दंड असतोच. परकीय नोटा मोजाव्या, सांभाळाव्या, विमा उतरवून पाठवाव्या लागतात, म्हणून चिनी बँका खात्यावरच्या डॉलरपेक्षा हातातल्या डॉलरला कमी भाव देतात. उरलेले तीनशे डॉलर परत आणणारा माणूस घेतानाही गमावतो आणि देतानाही. परदेशी दुकानात कार्डयंत्र विचारते, ‘रक्कम तुमच्या चलनात लावू की इथल्या?’ आपल्या ओळखीच्या चलनाला ‘हो’ म्हणण्याचा मोह होतो आणि बहुधा तोच महाग पडतो, कारण तो भाव आपल्या बँकेने लावलेला नसतो. बँकेत परकीय चलनाचे कागद पाहण्यात वर्षे गेलेला माणूस एवढेच सांगेल, की जिथे दर लिहिलेला नसतो तिथे तो तुमच्या बाजूचा नसतो.

आता नाण्याची दुसरी बाजू. पर्यटकाने पैसे दिले हे खरे, पण ते उतरले कुठे? काठमांडूच्या थमेल भागात चिनी पर्यटक चिनी मालकाच्या उपाहारगृहात जेवत आणि अलीपे किंवा वीचॅटवरून पैसे देत. क्यूआर कोड चीनमधल्या खात्याचा. जेवण नेपाळमध्ये, पाणी, रस्ते नेपाळचे, पण पैसा चीनमधल्या एका खात्यातून चीनमधल्याच दुसऱ्या खात्यात! नेपाळला परकीय चलन मिळाले नाही आणि कराची नोंदही झाली नाही. 2019 च्या मे महिन्यात नेपाळ राष्ट्र बँकेने या दोन्ही सेवांवर बंदी घातली. आदल्या वर्षी व्हिएतनामनेही अशा बेकायदा यंत्रांवर बडगा उगारला होता. थायलंडने 2016 मध्ये ‘शून्य डॉलर सहलीं’विरुद्ध मोहीम काढली. या सहली चीनमध्ये कवडीमोल भावाने विकायच्या आणि पर्यटकांना ठरावीक दुकानांत कोंडून वसुली करायची, असा तो धंदा. यजमान देशाच्या वाट्याला गर्दी आणि कचरा; नफा परत मायदेशी.

नेपाळने पुढे काय केले, ते महत्त्वाचे आहे. सरसकट बंदी कायम न ठेवता, स्थानिक परवानाधारक बँकेमार्फत व्यवहार होणार असेल तर या सेवांना दार उघडले. हाच शहाणपणाचा मार्ग आहे. बंदीने पर्यटक त्रासतो आणि व्यवहार आणखी अंधारात जातो. पर्यटकाने फोन आपल्याच देशाचा वापरावा, पण पैसा यजमान देशाच्या बँकेत उतरावा आणि तिथे त्याची नोंद व्हावी, एवढी अट पुरेशी आहे.

आपल्याला हे सांगायचे कारण असे, की आपले यूपीआयही परदेशी निघाले आहे. 2023 मध्ये ते सिंगापूरच्या पेनाऊशी जोडले गेले. 2024 मध्ये श्रीलंका, मॉरिशस आणि पॅरिसच्या आयफेल टॉवरपर्यंत पोचले. त्याच वर्षी नेपाळच्या दुकानांतही सुरू झाले. ही अभिमानाची गोष्ट आहेच. पण अभिमानाच्या भरात दोन प्रश्न विसरू नयेत. शेजारी देशाच्या दुकानात आपण दिलेला पैसा त्या देशाला खरोखर मिळतो ना? आणि आपल्या प्रत्येक चहा-नाश्त्याची जी नोंद होते, ती कुणी, किती काळ आणि कशासाठी ठेवायची, याचा कायदा स्पष्ट आहे ना?

चीनच्या उदाहरणातून शिकायचे ते हेच, की सोय आणि स्वातंत्र्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तांग काळातल्या व्यापाऱ्याच्या कागदाने त्याचे ओझे हलके केले. तो वाटेत कुठे थांबला आणि काय जेवला, हे त्या कागदाला ठाऊक नव्हते. आजच्या फोनला सारे ठाऊक असते. गंगाजळी राखणे हे सरकारचे कर्तव्य आहे, त्यासाठी मर्यादाही असाव्यात. पण त्या उघड असाव्यात, कारकुनाला आणि कोट्यधीशाला सारख्या लागू असाव्यात आणि दर व शुल्क पैसे देण्याआधी कळावेत. पतंगाला दोर लागतोच. मात्र तो किती लांब आहे आणि कुणाच्या हातात आहे, हे उडवल्या जाणाऱ्यालाही कळले पाहिजे.