फोटो अख्खा येतो, मग आवाजच का तुटतो?

आजीला व्हिडिओ कॉलवर नवीन गोळ्या समजावून सांगताय. “सकाळी अर्धी, रात्री…” आणि नेमका तिथेच आवाज तुटतो. पण त्याच नेटवरून पाठवलेला डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो, उशिरा का होईना, तिच्याकडे अख्खा पोहोचतो. असं का?

इंटरनेटवर काहीही पाठवलं की त्याचे छोटे तुकडे होतात. त्यांना पॅकेट म्हणतात. एक पॅकेट साधारण १५०० बाइटपर्यंतचं, म्हणजे ३ एमबीच्या फोटोची दोन हजार पॅकेटं! वाटेत काही हरवतात, काही मागेपुढे पोहोचतात. मग काय करायचं, याचे दोन्ही बाजूंनी पाळायचे नियम म्हणजे प्रोटोकॉल.

फोटोसाठी सहसा टीसीपी वापरतात. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ साली त्याची कल्पना मांडली आणि १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेट हे अमेरिकेतलं जाळं टीसीपी-आयपीवर चालू लागलं. याची पद्धत रजिस्टर टपालासारखी. आधी दोन्ही यंत्रं एकमेकांना हाक मारून खात्री करतात. मग आलेल्या मालाची पोच द्यायची. पोच आली नाही, तर तो तुकडा पुन्हा पाठवायचा. शेवटी क्रमांकांवरून सगळं जागच्या जागी लावायचं.

बोलण्यात एवढी सवड नसते. आवाज पोहोचायला सेकंदाच्या सातव्या भागाहून जास्त वेळ लागला, की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. हरवलेलं अक्षर दोन सेकंदांनी आलं, तर त्याचा उपयोग काय? म्हणून कॉलसाठी बहुधा यूडीपी हा १९८०चा प्रोटोकॉल वापरतात. तो स्वतः पोच मागत नाही आणि हरवलेलं पुन्हा पाठवतही नाही. एखाददुसरं पॅकेट गेलं, तर ॲप अंदाजाने ती जागा भरून काढतं. फारच गेली, की आवाज तुटतो.

म्हणजे यात बिघाड असा नाही. फोटोला पूर्णपणा हवा, गप्पांना वेळ हवी. दोन्ही एकदम मिळत नाही, म्हणून निवड करावी लागते.

आपणही तीच निवड करावी. ख्यालीखुशाली कॉलवर विचारा. गोळ्यांची मात्रा, खाते क्रमांक, गाडीची वेळ मात्र लिहून पाठवा. आजीला वाचायला त्रास होत असेल, तर सांगून झाल्यावर म्हणा, “आजी, आता तू मला सांग बघू, रात्री किती गोळ्या?”

यूडीपी पोच मागत नाही. ती आपण मागायची.