नांदेड-४४ आणि पेटंट

१८५६ साली भारतात पहिला पेटंट कायदा झाला आणि १९११चा कायदा स्वातंत्र्यानंतरही दोन दशके टिकला. न्या. राजगोपाल अय्यंगार समितीच्या १९५९च्या अहवालावर आधारलेल्या १९७०च्या कायद्याने औषध व अन्नाच्या उत्पादनाऐवजी फक्त प्रक्रियेला पेटंट दिले. शेतीच्या पद्धतीही बाहेर ठेवल्या. पुढे त्याच कायद्याच्या कलम ३(जे) मध्ये बियाणे आणि वनस्पतीही वगळल्या गेल्या. पेटंटशिवाय संशोधन कोण करील, हा आक्षेप जुनाच. त्याला नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने १९८४ साली सार्वजनिक पैशातून उत्तर दिले: एनएचएच-४४, म्हणजेच नांदेड-४४. कोरडवाहू मराठवाड्यात हा संकर वर्षानुवर्षे लोकप्रिय राहिला.

मग तो मागे का पडला? पेटंटमुळे, हे सोपे उत्तर अपुरे आहे. २००२ साली आलेल्या, बोंडअळीला रोखणाऱ्या पहिल्या बीटी जनुकाला भारतात पेटंट नव्हतेच. तरी परवाना करारांतून पाकिटामागे शुल्क घेतले गेले. मक्तेदारी घडवली ती करारांनी, मंजुरीच्या खर्चाने आणि विद्यापीठांच्या संथपणाने. त्यानंतरच्या दोन जनुकांच्या बीटी-२ वर मात्र पेटंट होते. ते दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८मध्ये रद्द केले, तर सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये तो निकाल बाजूला सारून खटला पुन्हा सुनावणीस पाठवला. परभणीच्या कृषी विद्यापीठाने आणि महाबीज या राज्य बियाणे महामंडळाने बीटी नांदेड-४४ आणले, पण तोवर शेतकरी खासगी वाणांकडे वळले होते. कायद्याने बियाणे मोकळे ठेवले. प्रयोगशाळेला वेळेवर निधी देणे हे त्याचे काम नव्हते, आणि ज्यांचे होते त्यांनी ते केले नाही.