शब्दांमागची गोष्ट : पाच टक्के म्हणजे किती?

दोस्तांनो, एक सोपं गणित घाला पाहू. १,००० रुपये ५ टक्के व्याजानं घेतले, तर वर्षाचं व्याज किती?

५० म्हणालात ना? पुस्तकातलं उत्तर बरोबर! पण बारामती-इंदापूरकडं कुणी 'पाच टक्क्यानं पैसे काढले' म्हणालं, तर कान टवकारा. खाजगी सावकारीत टक्का महिन्याचा धरतात. म्हणजे वर्षाचे झाले ६०० रुपये! 'दरमहा' हा एवढासा शब्द बोलताना गळतो आणि व्याज होतं बारापट.

असे फसवे शब्द पूर्वीही होते. पैसे देतानाच सावकार काही रक्कम कापून घ्यायचा, तिला 'मनोती' म्हणत. कागदावर १००, हातात कमी, व्याज मात्र पुऱ्या १०० वर! दूर हाँगकाँगच्या कँटोनीज बोलीतही अशा व्यवहाराला नाव आहे : 'नऊ जातात, तेरा येतात.' कागद १० चा, हातात ९ आणि फेड १३ ची! तिथं असल्या सावकाराला म्हणतात 'मोठ्या कानभोकाचा'.

आता आपल्या सुप्याला चला. हे गाव आज बारामती तालुक्यात आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं (१८६१-६५) इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपलं, भाव कोसळला. त्यात सरकारनं शेतसारा वाढवला. कर्ज फुगत गेलं. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांचा संयम सुटला. त्यांनी सावकारांच्या वह्या नि कर्जरोखे काढून जाळले. दंगा पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला.

राग कागदांवरच का? कारण शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं. सही म्हणून तो नांगराची निशाणी करायचा. वर काय लिहिलंय, ते सावकारालाच ठाऊक! म्हणून १८७९ च्या कायद्यानं कागदामागचा खरा हिशेब तपासायचा अधिकार कोर्टाला दिला.

एक शब्द मात्र कर्जदाराच्या बाजूचा आहे, 'दामदुप्पट'. व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागायचं नाही, हा जुना नियम. आपल्या गणितात २० महिन्यांतच व्याज १,००० होतं. तिथं थांबायलाच हवं! महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्यानुसार सावकाराला परवाना लागतो आणि चक्रवाढ व्याज लावता येत नाही.

तुम्हाला तर वाचता येतं. मग घरी कुणी कर्ज काढत असेल, तर खुशाल विचारा : टक्का महिन्याचा की वर्षाचा? हातात किती पडले? आणि पावती कुठाय?