मातीला रिपोर्ट लागतो, मग माणसाला जाहिरात कशी चालते?



सध्या मोबाईलवर एक जाहिरात फिरतीये. थुंकी पाठवा, डीएनए तपासू, तुम्हाला कुठलं खाणं मानवतं ते सांगू. किंमत हजारोंच्या घरात. म्हणून आज पिकाचं नाही, ताटाचं लिहितो.

आधी खरं ते मान्य करू. एकच खाणं सगळ्यांना सारखं लागत नाही, हे शास्त्राने दाखवलंय. २०१५ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेने ८०० माणसांच्या अंगाला साखर मोजणारी यंत्रं लावली. तोच पाव एकाची साखर चढवतो, दुसऱ्याची नाही. २०२० साली इंग्लंडात हजारभर लोकांचा तसाच अभ्यास झाला, त्यात बरीच जुळी होती. हुबेहूब जुळी भावंडं, तरी जेवणानंतरची साखर वेगवेगळी! आपल्याला यात नवल कसलं? बांधाच्या दोन बाजूंचं रान वेगळं असतं. द्राक्षवाला पान-देठ तपासून मगच पोटॅश सोडतो.

पण मेख इथंच आहे. जुळ्यांचा डीएनए सारखा आणि साखर वेगळी, तर नुसत्या थुंकीवरून ताट कसं ठरणार? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जाड माणसांना वर्षभर दोन प्रकारे खायला लावलं, काहींना चरबी कमी, काहींना पिष्ट कमी. २०१८ साली निकाल आला. कोणाचं वजन कशाने उतरेल, हे जीन्सवरून सांगता आलं नाही. युरोपात सात देशांत अभ्यास झाला. माणूस बघून दिलेला सल्ला सरसकट सल्ल्यापेक्षा बरा ठरला, पण त्यात डीएनए घातल्याने जादा काही मिळालं नाही. मग हे विकतायत काय?

दुसरं. ही माणसं इस्रायलची, इंग्लंडची, अमेरिकेची. त्यात पिठलं-भाकरी खाणारा कुठाय? आपल्या अंगाची घडणच वेगळी, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवून दिलं. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी आया आणि बाळं तपासली. बाळाचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडात ३.५. पण या बारक्या बाळांत स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकून. निम्म्याहून जास्त आयांना ब-१२ कमी. तेव्हा "मी वाळका, मला कसली साखर" हे बोलणं सोडा.

काहीजण म्हणतील, सोपं आहे, भरडधान्य खा म्हणजे झालं. त्यांनी धनशक्तीचं ऐकावं. जास्त लोहाची ही बाजरी २०१२ साली महाराष्ट्रात आली. अशा लोहवाल्या बाजरीची भाकरी आणि शेव आपल्याच राज्यातल्या शाळकरी पोरांना काही महिने खायला दिली. ज्यांच्या अंगात आधीच लोह कमी होतं, त्यांच्यात फायदा ठळक दिसला. रानात झिंक कमी असेल तिथंच झिंक लागू पडतं, तशातली गत. म्हणजे आधी कमी काय ते मोजा, मग घाला.

आता कृषी विद्यापीठातल्या साहेबांना एक विचारतो. बाजरीच्या नव्या वाणाला २०१८ पासून लोह-जस्ताची किमान अट लागली, चांगलं झालं. पण ज्वारीच्या, गव्हाच्या, भाताच्या वाणाच्या पत्रकात आम्हाला क्विंटल, कडबा आणि रोग एवढंच वाचायला मिळतं. त्या भाकरीने माणसाची साखर किती चढते, हे मेडिकल कॉलेजला सोबत घेऊन आमच्याच गावात मोजा की! आम्ही बोटं पुढं करतो. हे संशोधन सरकारी पैशाने झालं पाहिजे आणि निकाल सगळ्यांना फुकट मिळाला पाहिजे. नाहीतर आमच्याच रक्ताची माहिती कंपनी गोळा करणार आणि आम्हालाच विकणार. बियाण्यात हा खेळ आपण बघितलाय.

आणि शेतकरी भावांनो, तिशीपुढच्या माणसाची साखर-बीपी तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. घरच्या बायामाणसांनाही घेऊन जा. हिमोग्लोबिन बघा, डॉक्टरला ब-१२ विचारा. घरात एकाला भात चालतो, दुसऱ्याला नाही, हे त्या रिपोर्टवरून डॉक्टरच्या सल्ल्याने ठरवा.

माती न तपासता खत टाकणाऱ्याला आपण अडाणी म्हणतो. मग रक्त न तपासता जाहिरात बघून ताट बदलणाऱ्याला काय म्हणायचं, ते तुम्हीच सांगा.