दोष मेपलचा की रेषांचा?

बेसबॉलमधल्या मेपलच्या बॅटवर सरसकट बंदी घालावी, ही सूचना कळकळीची असली तरी धोक्याच्या मुळाशी पोहोचत नाही. ॲशची बॅट बहुधा तडकते, पापुद्रे सुटतात, खेळाडूला इशारा मिळतो. मेपल मात्र अचानक मोडतो आणि अणकुचीदार तुकडा भिरकावला जातो. १९ सप्टेंबर २०१० रोजी शिकागो कब्जचा टायलर कॉल्विन तिसऱ्या बेसवरून धावत असताना सहकाऱ्याच्या मोडक्या बॅटचा तुकडा त्याच्या छातीत घुसला. त्याचा हंगाम तिथेच संपला.

पण मेपल मोडतो तो मुख्यतः लाकडाचे तंतू दांड्याला तिरके गेले असतील तेव्हा. मॅडिसनच्या सरकारी वन-उत्पादने प्रयोगशाळेच्या तज्ज्ञांनी २००८ पासून हे तपासले. मेपलमध्ये हा तिरकसपणा डोळ्यांना सहज दिसत नाही. म्हणून मुठीवर शाईचा ठिपका टाकतात. शाई तंतूंच्या दिशेने पसरते आणि कोन मोजता येतो. तीन अंशांहून अधिक तिरकी बॅट बाद होते. या नियमांनंतर बॅटचे तुकडे उडण्याचे प्रमाण बरेच घटले. प्रेक्षकांसाठी मात्र संरक्षक जाळ्या हव्यातच. मेजर लीगच्या सर्व ३० मैदानांवर त्या वाढवायला २०१८ उजाडले, हा विलंब अक्षम्य होता.